आईला घेऊन रोमला: स्वतःचं स्वतः जाणाऱ्यांसाठी पहिल्यापासून सगळं

आई ६८ वर्षांची, गुडघे दुखरे, पक्की शाकाहारी, इंग्रजी जेमतेम. मी पुण्यात नोकरी करते, आणि या आधी एकदाच ऑफिसच्या कामाने परदेशी गेलेले. टूरवाल्यांकडे चौकशी केली तर यादीत रोम फक्त दीड दिवस, त्यातच व्हॅटिकन, त्यातच 'फोटो स्टॉप' असलेला कोलोसियम. आईला बसमधून उतरून फोटो काढून परत चढायला नको होतं, तिला तिथे बसायचं होतं. म्हणून मग आम्ही दोघीच गेलो, मे महिन्यात, पाच रात्री रोम आणि दोन रात्री नेपल्स. तयारी करताना माझा इतका गोंधळ झाला की तेव्हाच ठरवलं, परत आल्यावर सगळं क्रमाने लिहून ठेवायचं. दर दिलेत ते आम्ही गेलो तेव्हाचे आहेत, बुक करताना एकदा बघून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रोममध्ये दिवसाला एकच मोठी गोष्ट बघा. एक तिकीट, तेही सकाळचं, आणि बाकी दिवस त्याच भागात पायी. तिथे दोन हजार वर्षांत लोक उठून दुसरीकडे गेलेच नाहीत, जुन्यावरच नवीन बांधत राहिले, त्यामुळे एकाच गल्लीत इतकं काही असतं की दहा ठिकाणं धावत बघितली तर एकही दिसत नाही.

१. व्हिसा: सगळ्यात आधी हेच

इटली शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि नियमाप्रमाणे कमीत कमी १५ दिवस आधी करावा लागतो, पण १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका. एप्रिल ते जून सगळ्यांनाच जायचं असतं, व्हीएफएसची (व्हिसाचे अर्ज घेणारं सेंटर) अपॉइंटमेंटच मिळत नाही. आम्ही मे महिन्यासाठी जानेवारीतच तारीख धरली होती. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा यात पुष्कळ जण चुकतात: ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे, विमान आधी कुठे उतरतं त्यावर नाही. रात्री सारख्याच असतील तरच पहिला उतरण्याचा देश.

फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहान असतील तर नाही. सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. बोटांचे ठसे एकदा दिले की साधारण पाच वर्षं चालतात.

कागदपत्रं आम्ही अशी लावली:

- पासपोर्ट (परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला, दोन पानं कोरी) आणि जुने पासपोर्ट असतील तर तेही
- भरलेला फॉर्म आणि ३५ बाय ४५ मिमीचे नवीन फोटो
- कव्हर लेटर, त्यात दिवसवार कुठे राहणार ते
- विमानाचं आणि सगळ्या रात्रींचं हॉटेल बुकिंग, रद्द करता येईल असंच
- ट्रॅव्हल इन्शुरन्स, किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बँकेच्या शिक्क्यासकट
- आयटी रिटर्न, सॅलरी स्लिप, ऑफिसचं रजेचं पत्र
- आईसाठी तिचे पेन्शनचे कागद, खर्च मी करणार असं माझं पत्र, आणि आम्ही मायलेकी आहोत याचा पुरावा

शेवटच्या ओळीवर आमचं घोडं अडलं. आईच्या पासपोर्टवर नाव एक, बँकेत मधलं नाव गाळलेलं, आणि माझ्या जन्मदाखल्यावर तिचं माहेरचं नाव. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या निम्म्या बायकांचं असंच असतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली की ही बाई एकच आहे हे कशावरून समजायचं. मग धावपळ करून प्रतिज्ञापत्र केलं, दुसरी तारीख घेतली, तीन आठवडे गेले. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांच्या नावांची स्पेलिंगं सगळ्या कागदांवर आजच तपासा, अर्ज सहा महिन्यांनी करणार असाल तरीही.

आणि व्हिसा हातात पडेपर्यंत परत न मिळणारं काही म्हणजे काही बुक करू नका.

२. तिकिटं: नाव पासपोर्टवर आहे तसंच

कोलोसियमचं तिकीट १८ युरो, त्यातच समोरचं फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि पॅलाटाइन टेकडी येते. तिकिटावर तुमचं नाव छापलेलं असतं आणि दारात पासपोर्टशी ताडून बघतात, म्हणून पासपोर्टवरचंच नाव टाका, घरातलं हाकेचं नको. त्यांच्या स्वतःच्या साइटवर ३० दिवस आधी तिकिटं सुटतात, आणि सकाळच्या वेळा भराभर संपतात. तारीख कॅलेंडरमध्ये मार्क करून त्या दिवशी लॅपटॉप उघडून बसा. मी दोन दिवस उशिरा बघितलं, तेव्हा गुगलवर सगळ्यात वर जी साइट आली ती अधिकृतच वाटली, जवळजवळ दुप्पट पैसे भरले आणि नंतर कळलं की मधला कुणीतरी विकणारा होता. पत्ता नीट वाचा, वर आलं म्हणजे खरं असं नसतं.

व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार उघडं आणि फुकट, आणि त्या दिवशी जी रांग लागते ती भिंतीला वळसा घालून जाते, म्हातारं माणूस सोबत असेल तर नकोच. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलोसियम फुकट असतं, तिथेही तेच. सेंट पीटर्स चर्चला तिकीट नाही, पण बुधवारी सकाळी पोपची सभा असते तेव्हा आत सोडत नाहीत. कुठल्याही चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत. आई नऊवारी नाही तरी साध्या पाचवारी साडीतच होती, तिला कुणी कधी अडवलं नाही, माझ्या मात्र बिनबाह्यांच्या कुर्त्यावर ओढणी घ्यावी लागली.

३. विमानतळापासून खोलीपर्यंत

फ्युमिचिनो विमानतळ गावापासून लांब आहे. इमिग्रेशनला वेळ धरा, ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याच्या जागी फोटो आणि ठशांची नवी पद्धत सुरू झालीये. बाहेर पडलं की तीन मार्ग:

लिओनार्दो एक्सप्रेस ट्रेन, १४ युरो, ३२ मिनिटांत थेट तेर्मिनी स्टेशन. तेर्मिनी म्हणजे आपलं सीएसएमटी समजा.

साधी लोकल, ८ युरो, ती तेर्मिनीला जात नाही, त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिनाला जाते. तुमची खोली त्या बाजूला असेल तर हीच बरी. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्याच्यावर तारीख-वेळ उमटवायची. हे विसरलं की तिकीट खिशात असूनही दंड होतो आणि तिकीट तपासनीस 'नवीन आहे' हे ऐकून घेत नाही.

टॅक्सी, पांढरी, अधिकृत रांगेतलीच. जुन्या तटाच्या आत जायला भाडं ठरलेलं असतं आणि गाडीवर लिहिलेलं असतं, ते वाचून मगच बसा. आत हॉलमध्येच 'टॅक्सी, टॅक्सी' करत जे जवळ येतात त्यांच्याबरोबर जाऊ नका.

खोली पहिल्या मजल्यावर असेल तर आपल्यासारखाच तो जमिनीच्या वरचा मजला, आणि जुन्या इमारतींना लिफ्ट नसते किंवा एका माणसापुरती असते, तेव्हा 'लिफ्ट आहे का' हे बुकिंगआधीच विचारा. खोलीच्या भाड्याशिवाय गावाचा टूरिस्ट टॅक्स वेगळा द्यावा लागतो, थ्री स्टार हॉटेलला माणशी रात्री ६ युरो. तो बहुतेक वेळा ऑनलाइन रकमेत धरलेला नसतो. आम्हाला दोघींचा पाच रात्रींचा मिळून ६० झाला, म्हणून बजेटमध्ये आधीच टाका.

बुटांबद्दल एकच वाक्य: रस्ते काळ्या दगडी ठोकळ्यांचे आहेत, उंचसखल, तिथे नवे कोरे बूट आणि चाकांची मोठी बॅग दोन्ही रडवतात.

४. बस, मेट्रो आणि खिसा

साधं तिकीट १.५० युरो, १०० मिनिटं चालतं, त्यात बसेस कितीही, मेट्रो एकदाच. पानपट्टीसारखी दुकानं असतात, बाहेर मोठा 'टी' अक्षराचा बोर्ड, तिथे तिकिटं मिळतात. किंवा बँकेचं कार्ड सरळ मशीनवर टेकवलं तरी चालतं, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं पाहिजे, एकाच कार्डावर दोघींचं होत नाही.

बहुतेक करून शुक्रवारी संप असतो. 'शोपेरो' हा शब्द लक्षात ठेवा, स्टॉपवर कागद लावलेला दिसला की समजायचं. संपातसुद्धा सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी ५ ते ८ गाड्या चालवायचा नियम आहे.

पाकीटमारांसाठी ६४ नंबरची बस आणि तेर्मिनीच्या आसपासची मेट्रो बदनाम आहे. आईने पासपोर्ट आणि पैसे कमरेच्या जुन्या कापडी पिशवीत साडीच्या आत ठेवले होते, माझ्या महागड्या स्लिंग बॅगेपेक्षा ते केव्हाही सुरक्षित. रस्त्यात कुणी गुलाबाचं फूल हातात देतं, कुणी मनगटात दोरा बांधायला येतं, कोलोसियमबाहेर रोमन शिपायाच्या वेषातले लोक फोटोला बोलावतात, सगळ्यांना नंतर पैसे द्यावे लागतात. हात मागे घ्यायचा, 'नो, ग्रात्सिए' म्हणायचं आणि चालत राहायचं.

कार्डाने पैसे देताना मशीन विचारतं, रुपयात की युरोत? कायम युरो. रुपयात म्हटलं की दर ते लावतात आणि तुमचे पैसे जातात.

५. कोलोसियम: जायच्या आधी एवढं माहीत असू द्या

सम्राट व्हेस्पेशियनने हा झुंजींचा आखाडा बांधायला घेतला, त्याचा मुलगा टायटस याने इसवी सन ८० मध्ये उद्घाटन केलं. साधारण ५० हजार माणूस मावायचं. बाहेरच्या कमानींवर रोमन आकडे कोरलेले आहेत, आजही काही ठिकाणी वाचता येतात, म्हणजे तिकिटावर जो गेट नंबर तिथूनच आत. वानखेडेवर आपण जसं गेट शोधत फिरतो ना, तसंच.

भिंतींना सगळीकडे भोकं दिसतात. मला वाटलं गोळ्यांची असतील. दगड एकमेकांना जोडायला आत लोखंडी चिमटे होते, नंतरच्या गरिबीच्या काळात लोकांनी धातूसाठी ते खणून काढले, त्याच्या त्या जखमा. एका बाजूची भिंत अर्धीच आहे ती १३४९ च्या भूकंपाने पडली आणि पडलेला दगड गावाने घरं, चर्चं, वाडे बांधायला नेला. आई म्हणाली, आपल्या किल्ल्यांचे दगड आसपासच्या गावांतल्या घरांत दिसतात, तसंच झालं की गं हे.

लिफ्ट आहे, वयस्कर माणसांना विचारून वापरू देतात. मोठी बॅग आणि काचेची बाटली नेऊ नका. सकाळचा पहिला स्लॉट घ्या, फोरममध्ये सावली जवळजवळ नाहीच.

६. त्याच दिवशी दुपारी: सान क्लेमेंते

कोलोसियमपासून चालत दहा मिनिटांवर हे चर्च आहे, आणि मला रोममधलं एकच ठिकाण सांगा म्हटलं तर मी हे सांगेन. बाहेरून काहीच वाटत नाही. आत बाराव्या शतकातलं चर्च, सोन्याच्या मोझॅइकने झळकणारं. बाजूच्या खोलीत तिकीट काढायचं आणि जिना उतरायचा, की खाली चौथ्या शतकातलं दुसरं चर्च. अजून एक जिना उतरायचा की पहिल्या शतकातली रोमन गल्ली, दोन भिंतींच्या मधली अरुंद बोळ, खोल्या, आणि ख्रिश्चन धर्म पसरायच्या आधीच्या मिथ्र देवाचं देऊळ, दोन्ही बाजूंना बसायचे दगडी ओटे, मध्ये वेदी, तिच्यावर बैल मारणारा मिथ्र.

आपला उठाव चालू होता त्याच १८५७ साली तिथल्या एका आयरिश पाद्र्याने वरच्या चर्चखाली खणायला सुरुवात केली तेव्हा हे सगळं वर आलं. अगदी खाली गेलं की पाण्याचा आवाज येतो. दिसत नाही, नुसतं वाहताना ऐकू येतं. खालचे मजले पाण्यात जायला लागले म्हणून शंभरेक वर्षांपूर्वी बोगदा खणून ते पाणी रोमच्या प्राचीन गटारात सोडलं, आणि ते अडीच हजार वर्षांचं गटार ते अजून वाहून नेतंय. आई त्या आवाजापाशी बराच वेळ भिंतीला हात लावून उभी होती.

मधल्या मजल्यावर एक चित्र चुकवू नका. मजूर खांब ओढतायत आणि मुकादम त्यांच्यावर ओरडतोय, आणि त्याच्या तोंडची वाक्यं भिंतीवर लिहिलीयेत, पोथीच्या लॅटिनमध्ये नाही, त्या वेळच्या लोकांच्या बोलीत, चक्क शिवी देऊन. इटालियन बोलभाषेचं हे अगदी जुन्यातलं लिखाण समजतात. मला लगेच आपले गद्धेगाळ शिलालेख आठवले, तिथेही राजाच्या दानलेखाखाली सरळ गावच्या भाषेतली शिवी कोरलेली असते.

सूचना: जिने ओलसर आहेत, कठडा धरून उतरा. खाली फोटो काढू देत नाहीत. बरीच चर्चं दुपारी बंद असतात, वेळ बघून जा.

खालीवर असंच काही फुकटात बघायचं असेल तर मेट्रोच्या सी लाइनचं सान जोव्हान्नी स्टेशन. खोदताना जे जे सापडलं ते स्टेशनातच मांडलंय, जिन्याने जसं खाली जाल तसा काळ मागे जातो. रोमन शेतातल्या पीचच्या बियासुद्धा आहेत. मेट्रोच्या तिकिटात होतं, आणि लोक त्याच्या समोरून ऑफिसला जात असतात.

७. पँथिऑन, आणि पावसात गेलात तर उत्तमच

तिकीट ५ युरो, २०२३ पर्यंत फुकट होतं. सम्राट हेड्रियनच्या काळातली, इसवी सन १२६ च्या सुमाराची रोमन देवळाची इमारत. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासून उंची दोन्ही सारखीच, ४३.३ मीटर, म्हणजे आत एक अख्खा चेंडू बसेल. लोखंडी सळी न घालता बांधलेला काँक्रीटचा याच्याहून मोठा घुमट जगात अजून झालेला नाही. आणि वर मध्यभागी गोल भोक, उघडं, झाकण नाही. पाऊस आत पडतो, फरशी मधून किंचित उंच आहे आणि बारीक भोकांतून पाणी निघून जातं. आम्ही गेलो तेव्हा पाच मिनिटांची सर आली आणि सगळे लोक कडेला उभे राहून पाऊस पडताना बघत होते, कुणी काही बोलत नव्हतं.

सन ६०९ मध्ये याचं चर्च झालं म्हणून हे वाचलं, नाहीतर याचाही दगड नेला असता. चित्रकार राफाएलची समाधी आतच आहे.

८. पाणी, कॉफी आणि शाकाहारी माणूस

पाण्याची बाटली विकत घेऊ नका. गावभर लोखंडी नळ आहेत, अडीच हजाराच्या आसपास, नाकासारखी तोटी म्हणून त्यांना 'नासोनी' म्हणजे मोठ्या नाकाचे म्हणतात. १८७४ पासून आहेत, पाणी थंड आणि चांगलं असतं. तोटीच्या वर बारीक भोक असतं, खालून बोट दाबलं की पाणी वरून कारंज्यासारखं येतं, वाकायला नको. हे आम्हाला एका शाळकरी मुलाने दाखवलं. त्रेव्ही कारंज्याला ज्या जलवाहिनीतून पाणी येतं ती मुळात इसवी सनापूर्वी १९ मध्ये बांधलेली, दुरुस्त होत होत अजून चालू आहे. त्रेव्हीला सकाळी सहा-साडेसहाला जा, नंतर पाय ठेवायला जागा नसते. कठड्यावर बसलात तर शिट्टी वाजते, स्पॅनिश पायऱ्यांवर बसलात तर दंडच.

कॉफीच्या दुकानाला तिथे 'बार' म्हणतात, आईला घेऊन जायला बिचकू नका. काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर एक किंमत, टेबलावर बसून प्यायली तर बरीच जास्त. 'काफ्फे' म्हणजे छोटी कडक एस्प्रेसो. 'लात्ते' मागितलं तर नुसतं दूध येईल. आत शिरताना 'बुओन्जोर्नो' म्हणायचं, सगळेच म्हणतात, न म्हणता सरळ मागणी केली तर चेहरे बदलतात. तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या बारवाल्याने आईला बघून विचारायच्या आधीच दुधाचा फेस जास्त घातलेला कपुचिनो पुढे ठेवला.

आता शाकाहाराच्या खाचाखोचा:

- 'पेपेरोनी' म्हणजे तिथे ढोबळी मिरची, मांस नाही. बिनधास्त घ्या.
- 'पित्झा मारिनारा' म्हणजे टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, चीजही नाही. मासे नसतात, नावावर जाऊ नका.
- तळलेली भोपळ्याची फुलं बघून आपल्या भज्यांसारखी वाटतात, पण आत चीजबरोबर मासा असतो, खारवलेली अँचोव्ही. विचारल्याशिवाय खाऊ नका.
- 'सुप्ली' हे भाताचे गोळे, सारणात बहुतेक वेळा मांसाचा रस्सा असतो.
- पार्मेजान आणि पेकोरिनो चीज वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने (दूध फाडणारा रस) विरजतात. काटेकोर पाळणाऱ्यांना हे आधी सांगा. आईला मी सांगितलं, तिने त्या दिवसापासून पास्ता टोमॅटोचाच घेतला.
- खात्रीचं म्हणजे 'कार्चोफी आला जुदिया', ज्यू मोहल्ल्यातली अख्खी तळलेली आर्टिचोक (मोठ्या कळीसारखी भाजी), पाकळ्या पापडासारख्या कुरकुरीत.

वाक्य पाठ करा: 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे', मांस नको, मासे नको. नुसतं व्हेज म्हटलं तर काही ठिकाणी मासा आणून ठेवतात. बिलात ब्रेडचे पैसे वेगळे दिसतील, ब्रेड नको असेल तर टेबलावर आल्या आल्याच परत द्या. आणि जेवणाच्या वेळा पाळा, दुपारी अडीच-तीननंतर किचन बंद होतं ते संध्याकाळी साडेसातलाच उघडतं.

घरचं खावंसं वाटलं तर तेर्मिनीजवळ पियात्सा व्हित्तोरियोच्या बाजूला एस्क्विलिनोची मोठी मंडई आहे. भेंडी, कोथिंबीर, कढीपत्ता, डाळी, सगळं. गाळ्यांवर बांगलादेशी आणि आपल्याकडचे लोक पुष्कळ, आईने हिंदीत घासाघीस करून मेथीची जुडी घेतली आणि त्या दिवशी खोलीवर पिठलं-मेथी झालं. म्हणून किचन असलेली खोली बघा.

९. तेस्ताच्चो: खापरांचा डोंगर

एक संध्याकाळ इथे ठेवा. बी लाइनच्या पिरामिदे स्टेशनला उतरलं की समोर खरंच एक पिरॅमिड आहे, सेस्टियस नावाच्या रोमन माणसाची समाधी, इसवी सनापूर्वी बांधलेली. तिथून पुढे गेलं की एक टेकडी दिसते, ३५ मीटर उंच, वर गवत. ती टेकडी पूर्णपणे फुटक्या मडक्यांची आहे. जहाजातून ऑलिव्हचं तेल ज्या रांजणांतून यायचं ते तेल मुरल्यामुळे परत वापरता यायचे नाहीत, म्हणून फोडून इथे एकावर एक रचायचे, अडीच-तीन शतकं. अंदाज सांगतात पाच कोटींहून जास्त रांजणांचा. टेकडीच्या पोटात खोदलेल्या खानावळी आहेत, मागच्या भिंतीला काच लावून खापरं दाखवतात.

आईचं माहेर धाराशिवकडचं, तेर तिथून जवळ, गोरोबाकाकांचं गाव, लहानपणापासून तिची तिथली वारी. ती त्या काचेशी उभी राहून म्हणाली, "गोरोबाकाकांनी बघायला पाहिजे होतं गं हे."

१०. नेपल्स: दोन रात्री तरी काढाच

रोम-नेपल्स वेगवान गाडीने सव्वा तास. तिकीट जितकं आधी तितकं स्वस्त. मंगळवारी जाऊ नका, पुराणवस्तू संग्रहालय मंगळवारी बंद असतं. स्टेशनातूनच मेट्रोच्या २ नंबर लाइनने एक स्टॉप, काव्हूर, तिथून संग्रहालय दोन मिनिटांवर.

पॉम्पेई या गाडल्या गेलेल्या रोमन शहरासाठी वेगळा दिवस ठेवा. नेपल्सच्या गारिबाल्दी स्टेशनखालून चिर्कुमवेसुव्हियाना लोकल पकडायची आणि 'पॉम्पेई स्कावी' नावाच्या स्टेशनला उतरायचं, नुसत्या 'पॉम्पेई' नावाची दुसरीकडेही स्टेशनं आहेत, आम्हाला भेटलेलं एक नागपूरचं जोडपं तिथे उतरून परत फिरलं होतं. दिवसाला २० हजारच लोक सोडतात आणि तिकीट नावाचं असतं. टोपी, पाणी, चांगले बूट. गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या रस्त्यात अजून आहेत, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर खानावळी, ओट्यात मडकी बसवलेली, गरम काहीतरी वाढून घ्यायला. सगळं इसवी सन ७९ ला व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं.

पण तुम्ही मराठी असाल तर नेपल्सला जायचं खरं कारण संग्रहालयातल्या 'गाबिनेत्तो सेग्रेतो' नावाच्या दालनात आहे. पॉम्पेईतली शृंगारिक चित्रं आणि शिल्पं तिथे ठेवलीयेत, लहान मुलं असतील तर आधी विचार करा. त्या सगळ्यात एका पेटीत एक हस्तिदंती बाई उभी आहे, वीतभर उंचीची, पायात जाडजूड वाळे, हात भरून बांगड्या, दोन बाजूंना दोन दासी. १९३८ साली पॉम्पेईच्या एका घरात सापडली, त्या घराला आता 'भारतीय मूर्तीचं घर' असंच नाव आहे. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, यक्षी असावी असंही अभ्यासकांचं मत आहे. पायाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, त्यामुळे ती वायव्येकडच्या वाटेने गेली असावी असं काही जण म्हणतात. पण अशाच घडणीच्या मूर्ती उत्खननात सापडल्या त्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि आईच्या तेरला.

तेर म्हणजे जुनं तगर. पैठण आणि तगरचा माल गाड्यांवरून भडोचला जायचा आणि तिथून जहाजाने रोमच्या मुलखात, हे त्या वेळच्या एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवलंय. थोरला प्लिनी नावाचा रोमन लेखक तक्रार करतो की हिंदुस्थान दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, आणि हाच प्लिनी व्हेसुव्हियसच्या त्या स्फोटात लोकांना वाचवायला जहाज घेऊन गेला आणि किनाऱ्यावर मेला. ही मूर्ती ज्या राखेत गाडली गेली त्याच राखेत.

मी हे सगळं आईला सांगत होते पण ती ऐकत नव्हती. तिने पेटीच्या काचेवर हात ठेवला, रखवालदार पुढे आला, तिने हात काढला आणि जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हिचे वाळे बघ. माझ्या आजीचे असेच होते." रखवालदार मागे सरकला आणि आम्ही जाईपर्यंत परत पुढे आला नाही.

तुम्ही जाणार असाल तर या क्रमात एक पायरी सगळ्यात आधी घाला, व्हिसाच्याही आधी. एका रविवारी गाडी काढून तेरला जा. गोरोबाकाकांचं दर्शन घ्या, त्रिविक्रमाचं जुनं विटांचं देऊळ बघा आणि तिथलं सरकारी वस्तुसंग्रहालय उघडं असल्याची खात्री करून आतल्या पेट्या सावकाश बघा. आमचं उलटं झालं, आम्ही आधी नेपल्स बघितलं आणि परत आल्यावर पुढच्याच आठवड्यात आई मला तेरला घेऊन गेली.